आधी कुणाला ठाऊक होतं?

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली की चार-पाच दिवसांच्या आत बांधीत तणनाशक पडतं. त्यातलं जुनं, ओळखीचं नाव ब्युटाक्लोर. बाटलीतला द्रव तेलकट असतो. पाण्यात ओतला की सगळं पाणी क्षणात पांढरं, दुधाळ होतं. लाखांदूर, पवनी, साकोलीकडचा धानकरी ते रेतीत कालवून उथळ पाण्याच्या बांधीत फेकतो, कुणी पंपाने फवारतो. पांढरं होण्याच्या या साध्या गोष्टीवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटचा खटला चालला आणि १९८६ साली त्याचा निकाल लागला.

मोन्सॅन्टो कंपनीने कोरोमंडल इंडाग या भारतीय कंपनीविरुद्ध दावा लावला होता. भातात वापरायच्या तणनाशक मिश्रणाचं पेटंट मोन्सॅन्टोकडे होतं आणि त्याचा भारतातला अर्ज फेब्रुवारी १९७०चा होता. न्यायालयाने पहिल्यांदा हे मिश्रण सुटं करून पाहिलं. त्यातला तण मारणारा घटक ब्युटाक्लोर. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या १९६८ सालच्या अहवालात तो नोंदलेला होता. म्हणजे अर्जाच्या आधीच तो जगाला माहीत झाला होता आणि खुद्द त्या रसायनाच्या पेटंटचा दावा या खटल्यात कुणीच केला नव्हता. मग राहिलं काय? ते रसायन विद्रावकात आणि इमल्सीकारकात मिसळणं, म्हणजे पाण्यात दुधाळ पसरेल असं करणं. ही रीत तर या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच येत होती. ठाऊक असलेलं रसायन ठाऊक असलेल्या रीतीने पाण्यात पसरवलं, यात नवा शोध कुठे आहे, असा न्यायालयाचा सवाल होता. पेटंट टिकलं नाही.

पेटंटच्या जवळजवळ प्रत्येक अपिलात हाच सवाल रूप बदलून येतो. आधी ठाऊक असलेल्याला कायद्याच्या भाषेत ‘प्रायर आर्ट’ म्हणतात. इथे आपण पूर्वज्ञान म्हणू. अर्जाच्या तारखेआधी जगात जे छापलं गेलं, वापरलं गेलं किंवा लोकांपुढे आलं, ते सगळं पूर्वज्ञान. शोध त्यात जसाच्या तसा सापडला तर तो नवा नाही. तसाच सापडला नाही, पण जाणत्या माणसाला त्यावरून सहज सुचला असता, तर त्यात कल्पकता नाही. दोन्हीकडून पेटंट जातं. वाचायला हे सोपं वाटतं. पण अपिलं वर्षानुवर्षं चालतात ती या दोन वाक्यांतल्या ‘सापडला’ आणि ‘सुचला’ या दोन शब्दांवरच.

हा वाद सगळ्यांत अवघड होतो तो ब्युटाक्लोरच्या पांढऱ्या पाण्याच्या जवळच्या नातलगात, म्हणजे पॉलिमर लॅटेक्समध्ये. तणनाशकाच्या इमल्शनमध्ये पाण्यात तेलाचे थेंब असतात. लॅटेक्समध्ये त्या जागी पॉलिमरचे घन कण असतात, मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. साबणाच्या जातीचं एखादं द्रव्य त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. रुईचं पान तोडलं की येणारा चीक हा निसर्गाने बनवलेला असाच पदार्थ. कारखान्यातला लॅटेक्स स्टायरीन, ब्युटाडाइन, ॲक्रिलेट अशा मोनोमरपासून बनतो. अमेरिकेत १९४८ साली ग्लिडन कंपनीने पाण्यावर आधारलेला लॅटेक्स रंग बाजारात आणला आणि पुढच्या काळात घराच्या भिंतींवरून तेलाचे रंग मागे हटत गेले. आज भंडाऱ्याच्या दुकानात ‘इमल्शन’ म्हणून जो डबा मिळतो, तो हाच. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत १९४२पासून रसायन तंत्रज्ञान शिकवलं जातं. रंग आणि पॉलिमर हे तिथले अभ्यासविषय आहेत. तेव्हा हा विषय वैदर्भीयांना परका नाही.

लॅटेक्सच्या पेटंटमध्ये दाव्याची भाषा साधारण अशी असते: कणांचा आकार या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत, पॉलिमर मऊ पडण्याचं तापमान अमुक ते तमुक, इमल्सीकारकाचं प्रमाण इतके टक्के. उलट जुन्या कागदात असते ती फक्त कृती: किती मोनोमर, किती पाणी, किती तापमान, किती तास. त्या जुन्या कृतीतून निघालेल्या लॅटेक्सच्या कणांचा आकार कुणी मोजलेला नसतो, मोजला असला तर लिहिलेला नसतो. अर्जदार म्हणतो, माझा आकडा त्या कागदात नाही. विरोधक म्हणतो, आकडा लिहिलेला नसेल, पण ती कृती केली की तोच आकडा मिळतो. मग दोन्ही बाजूंचे रसायनशास्त्रज्ञ जुनी कृती पुन्हा करून पाहतात. ढवळण्याचा वेग बदलला, मोनोमर एकदम ओतण्याऐवजी थेंबाथेंबाने सोडला, तरी कणांचा आकार बदलतो. त्यामुळे एकच जुना कागद घेऊन दोन प्रयोगशाळा दोन वेगळ्या उत्तरांवर पोचू शकतात आणि ते उत्तर शोधायला अपिलाच्या पीठापुढे तिसरी प्रयोगशाळा नसते.

ऑर्गानिक किम्या विरुद्ध रोम अँड हास हा खटला यासाठी मुळातून समजून घेण्याजोगा आहे. रोम अँड हासची पेटंटं पोकळ कणांच्या लॅटेक्सची होती. कणाचा गाभा आम्लयुक्त, त्यावर पॉलिमरचं कवच. बाहेरून अल्क टाकलं की ते कवचातून आत शिरतं, गाभा पाणी शोषून फुगतो; रंग वाळला की आतलं पाणी उडून जातं आणि पोकळी उरते. ही पोकळी प्रकाश विखुरते, म्हणून भिंत पांढरी आणि झाकलेली दिसते आणि महागडा टायटॅनियम डायऑक्साइड कमी लागतो. फुगवताना मोनोमर हजर हवा, पण त्या वेळी त्याचं पॉलिमर होता कामा नये, ही या पद्धतीतली खुबी होती. तुर्कस्तानच्या ऑर्गानिक किम्या कंपनीने दोन जुनी पेटंटं पुढे केली. त्यांतही मोनोमर असताना अल्क टाकलेलं आहे, तेव्हा यात नवं काही नाही, असा तिचा युक्तिवाद होता.

अमेरिकेच्या पेटंट मंडळाने तो मानला नाही आणि २०१७ साली फेडरल सर्किट न्यायालयाने मंडळाचा निर्णय कायम केला. सगळा वाद ‘फुगवणारं द्रव्य’ कशाला म्हणायचं यावर आला होता. विरोधकाचं म्हणणं, हे अल्क योग्य परिस्थितीत कवच भेदून गाभा फुगवू शकतं, एवढं पुरे. मंडळाचं म्हणणं, त्या जुन्या कृतीत, त्याच भांड्यात, त्याच परिस्थितीत ते फुगवतं असं दाखवा. तसं दाखवलं गेलं नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. नाहीतर प्रत्येक जुन्या पेटंटमधलं प्रत्येक रसायन पुढच्या प्रत्येक शोधाचं पूर्वज्ञान ठरलं असतं, कारण रसायनं काय काय करू शकतात याला अंत नाही. मात्र या निकालाची दुसरी बाजूही पाहायला हवी. पूर्वज्ञान पुढे करणाऱ्यावर फार मोठं ओझं येतं. केवळ ‘हे आधी होतं’ म्हणून भागत नाही. काय होतं, किती होतं, कोणत्या परिस्थितीत होतं, हे सगळं दाखवावं लागतं. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि वकील दोन्ही आहेत तोच हे ओझं पेलू शकतो.

भारतात पूर्वज्ञानाचा पाया रचणारा निकाल रसायनाचा नव्हे, भांड्यांचा आहे. पितळी भांड्यांसाठी भंडारा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे, पण हा खटला झाला उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या भांडेकारखानदारांमध्ये: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. उथळ थाळ्या लेथवर कातताना आणि घासून चकाकी देताना त्या सुटून उडायच्या आणि कामगाराला इजा व्हायची. हिंदुस्थान मेटलने टेलस्टॉकला दाब देणारा स्पिंडल बसवून भांडं दोन्हीकडून घट्ट धरण्याची सोय केली आणि डिसेंबर १९५१पासून तिचं पेटंट मिळवलं. दुसऱ्या कारखान्याने तीच सोय वापरली तेव्हा दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते परत जिवंत केलं आणि शेवटी १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचं रद्द केलं.

ॲडॉप्टर, हेडस्टॉक, टेलस्टॉक हे सगळं लेथवर आधीपासून होतंच. दाबाने धरणं ही कारखान्यातल्या रोजच्या सुधारणांपैकी एक, शोध नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. कल्पकता ओळखायची कसोटीही त्याच निकालात आली. अर्जाच्या तारखेला त्या क्षेत्राचं सर्वसाधारण ज्ञान असलेला एक सक्षम कारागीर किंवा अभियंता समोर उभा करा. त्याला अडचण सांगा, जुना कागद हातात द्या, पण नवा शोध सांगू नका. ‘मला हवं होतं ते यात आहे’, असं तो म्हणेल का? म्हणत असेल, तर शोध नाही. इथे न्यायालयाने सक्षम कारागीर आणि नुसता हातकाम करणारा यांत फरक केला. साध्या मजुराच्या बुद्धीने नव्हे, जाणकाराच्या बुद्धीने मोजायचं. आज लॅटेक्सच्या अर्जावर मुंबईत किंवा दिल्लीत वाद होतो तेव्हाही हीच कसोटी लावली जाते. फक्त लेथच्या जागी रिॲक्टर असतो आणि कारागिराच्या जागी पॉलिमर रसायनाचा जाणकार.

पितळेच्या धंद्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या निकालातलं न्यायाचं सूत्र पटेल. भांड्याच्या कारखान्यात असे उपाय रोज निघतात. एकाने पट्टा बदलला, दुसऱ्याने साचा सुधारला, तिसऱ्याने भट्टीचं तोंड लहान केलं. यातल्या प्रत्येकाला सोळा-सोळा वर्षांची मक्तेदारी दिली असती तर शेजारच्या कारखान्याला काम करणंच अशक्य झालं असतं. छोट्या कारागिरीचं रक्षण पेटंट मिळण्याइतकंच पेटंट नाकारलं जाण्यानेही होतं. हे फार थोड्या वेळा बोललं जातं.

आता महाराष्ट्राचा स्वतःचा खटला. तो कडुलिंबाचा आहे आणि त्याचं महत्त्वाचं पूर्वज्ञान पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांमधून आलं.

अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने एक पेटंट दिलं. निंबोळीतून विद्रावकाने तेल काढायचं, त्याचं इमल्सीकारक घालून पाण्यात इमल्शन करायचं आणि ते पिकांवर फवारून बुरशी रोखायची. पुन्हा तेच दुधाळ पाणी. १९९५मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आलव्होएट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ आयफोम यांनी विरोध दाखल केला. कडुलिंब भारतात पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण पेटंट कडुलिंबाचं नव्हतं. ते विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाच्या विशिष्ट इमल्शनने बुरशी रोखण्याचं होतं. दारात लिंबाचं झाड असणं आणि निंबोळी तेलाचं इतक्या टक्क्यांचं इमल्शन द्राक्षावर फवारणं या दोन गोष्टी पेटंट कार्यालयाच्या दृष्टीने एक नाहीत.

मे २०००मध्ये म्युनिकमध्ये सुनावणी झाली, तेव्हा पुण्याचे उद्योजक अभय दत्तात्रय फडके यांची साक्ष झाली. ग्रेसच्या अर्जाच्या कितीतरी आधी, १९८५ आणि १९८६च्या उन्हाळ्यात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर अशाच तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या. तेल कसं काढलं, काय मिसळलं, कुठे आणि कधी फवारलं, हे त्या साक्षीतून पुढे आलं. पेटंट कार्यालयाच्या विरोध विभागाने या चाचण्या लोकांपुढे झालेला पूर्ववापर म्हणून धरल्या आणि १० मे २००० रोजी पेटंट रद्द केलं. पेटंटधारक अपिलात गेला. ८ मार्च २००५ रोजी अपील मंडळाने ते फेटाळलं. विरोधापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षं गेली.

या निकालाचं आपल्याकडे ‘आजीबाईच्या बटव्याचा विजय’ असं स्वागत झालं. तो आनंद खराच होता आणि तो व्हायलाच हवा होता. पण तेवढ्यावर थांबलं तर खटल्यातला खरा धडा हातचा सुटतो. निर्णायक ठरलं ते जुन्या ग्रंथांचं वचन नव्हे. एका छोट्या मराठी उद्योजकाने आधुनिक रीतीने केलेलं काम, शेतांच्या जागांसकट आणि वर्षांसकट सांगता आलेलं. पारंपरिक ज्ञान कामी आलं ते कुणीतरी त्याची चाचणी घेतली होती आणि ती सांगायला माणूस हजर होता म्हणून. साक्षीदार म्युनिकला गेलाच नसता तर काय झालं असतं, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

हळदीचा खटला त्या मानाने लवकर आटोपला आणि त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्याला आव्हान दिलं. माशेलकर स्वतः पॉलिमरचे शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. परिषदेने ३२ संदर्भ पुढे केले, त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेख होता. १९९७मध्ये दावे फेटाळले गेले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला वापर चालत नसे, छापलेला कागद लागे. घराघरातल्या आईने मुलाच्या गुडघ्याला लावलेली हळद तिथे पुरावा नव्हती. १९५३चा लेख होता. छापील कागदाची ही अट २०१३पासून निघाली. हळदीच्या अनुभवातून पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं आणि परदेशी परीक्षकांना आयुर्वेदाचे उतारे त्यांच्या भाषांत मिळू लागले.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. मंजुरीपूर्व विरोधाच्या कलम २५ मध्ये दोन आधार असे आहेत की त्यांना छापील कागद लागत नाही. एक, भारतात तारखेआधी उघडपणे माहीत असणं किंवा वापरात असणं. दुसरा, भारतातल्या किंवा इतर कुठल्याही स्थानिक समाजाकडे तोंडी स्वरूपात असलेलं ज्ञान. पळसाच्या झाडावर लाख घेणारा, कोसा काढणारा, धानाचं वाण जपणारा, या सगळ्यांचं माहीत असणं कायदा पूर्वज्ञान म्हणून मानतो. लाख तर निसर्गाने केलेलं राळेचं पॉलिमरच. पूर्व विदर्भात तिचं ज्ञान पोथीत नाही, हातात आहे. कायद्याची दारं उघडी आहेत. अडचण असते ती तारखेची. वीस वर्षांपूर्वी अमुक पद्धत गावात होती, हे सांगणारी माणसं मिळतात. ती नेमकी कोणत्या वर्षी होती आणि त्यात नेमकं काय घातलं जायचं, हे सांगणारं काही मिळत नाही.

अपिलाचा रस्ताही गेल्या वीस वर्षांत बदलत राहिला आहे. २००७पासून पेटंटची अपिलं बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. तिथे न्यायिक सदस्याबरोबर तांत्रिक सदस्य बसे. लॅटेक्सचा कण कसा फुगतो हे त्याला मुळापासून समजावून सांगावं लागत नसे. पण सदस्यांच्या जागा रिकाम्या राहायच्या, प्रकरणं साचायची. एप्रिल २०२१मध्ये मंडळच बरखास्त झालं आणि अपिलं उच्च न्यायालयांकडे गेली. भंडाऱ्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो, त्याचं अपील मुंबई उच्च न्यायालयाकडे. तेव्हापासून दिल्ली आणि इतर उच्च न्यायालयांच्या निकालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पेटंट नियंत्रकाचा नकार कारणांवाचून असतो, म्हणून प्रकरण परत पाठवलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये आग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कल्पकता नाही असं म्हणायचं तर जुन्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे आणि पहिल्यावरून दुसरं जाणकाराला कसं सुचतं, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. तीन जुन्या पेटंटांचे क्रमांक देऊन ‘म्हणून उघड आहे’ असं लिहिणं हा निर्णय नव्हे. रसायनाच्या अर्जांत तर हे फारच खरं आहे. तिथे ‘कसं सुचतं’ हाच सगळा वाद असतो आणि तोच भाग आदेशात एका ओळीत उरकलेला आढळतो. अर्जदाराची वर्षं जातात, विरोधकाचीही जातात, आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. तांत्रिक सदस्य गेले ही माझ्या मते मोठी हानी आहे आणि उच्च न्यायालयांनी तज्ज्ञांची मदत नेमाने घेतल्याशिवाय ती भरून निघणार नाही.

पूर्वज्ञान शोधायची सोय मात्र भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. नागपूरला १९७५ साली पेटंट माहिती केंद्र सुरू झालं आणि आज तिथेच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंटांचा शोध घेणं आणि प्रशिक्षण देणं ही तिथली कामं. भारतातले अर्ज तर आता घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात.

अर्ज दाखल झाल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. त्या दिवसापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही मंजुरीपूर्व विरोध करू शकतो. २०२४च्या नियमांनी त्याला शुल्क लावलं आणि विरोध प्रथमदर्शनी टिकण्याजोगा आहे का हे आधी तपासण्याची पायरी आणली. मंजुरीनंतर वर्षभर विरोधाचं दार उघडं असतं, पण तेव्हा ते फक्त हितसंबंध असलेल्यांसाठी. त्यानंतर उरतो तो रद्द करण्याच्या अर्जाचा, लांबचा आणि खर्चाचा मार्ग. एखाद्या राईस मिलमध्ये, भांड्याच्या कारखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या चाचणीच्या बांधीत जे आधीच वापरात आहे, त्याच्यावर कुणी दूरच्या शहरात हक्क सांगितला, तर आवाज उठवायला सगळ्यांत स्वस्त वेळ ही प्रसिद्धीनंतरची. त्या वेळी हातात हवा असतो तो तारखेचा एखादा कागद: चाचणीची वही, कच्च्या मालाचं बिल, शेतात टिपलेला फोटो, तालुक्याच्या प्रदर्शनातलं पत्रक.